चिंच, राख आणि डाव्या दाराची काच

हरणाबाईच्या आयुष्यात काच आली ती उतारवयात. जन्म जत तालुक्यातल्या माळावर, लग्न शेजारच्या वाडीत आणि पुढची सारी वर्षं मेंढरांच्या मागं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं, कृष्णाकाठच्या रानांकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत माळ गाठायचा. पालात राहणाऱ्याला खिडकी कुठली आणि काच कुठली! घासायला म्हणून तिच्याजवळ एक पितळी हंडा, दोन तांबे आणि एक परात. पण ती भांडी तिनं अशी लखलखीत ठेवलेली, की वाडीतल्या बायका लग्नकार्याआधी आपलीही भांडी तिच्यापुढं आणून टाकायच्या. 'हरणे, तुझा हात लागू दे,' असं कुणी म्हटलं की ही पदर खोचून बसलीच. स्तुती कुणाला कडू लागते?

नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, मेंढरं दिराच्या हवाली झाली आणि हरणाबाई कराडला मुलाकडं राहायला आली. तानाजी तिचा एकुलता एक. हायवेला लागून त्याचं गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर आणि पाठीमागं दोन खोल्यांचं घर. आयटीआय करून, दुसऱ्यांच्या हाताखाली राबून त्यानं हे उभं केलेलं. गडी कष्टाळू, जिभेनं गोड. खोड एकच. आपण मेंढरांमागं वाढलो हे गिऱ्हाइकाला कळलेलं त्याला खपत नसे. त्यात लपवण्यासारखं काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

सून सोनिया चांगली होती, जरा जास्तच चांगली. सासूला काडी उचलू देईना. "आत्या, तुमी बसा निवांत," हे पालुपद सकाळी सुरू झालं की दिवे लागेपर्यंत चालायचं. जन्मभर चाललेल्या बाईला 'बसा' म्हणणं ही शिक्षाच की. बसून बसून तिला आजारी पडल्यासारखं वाटायला लागलं.

अशात महावीर अण्णांची गाडी आली. अण्णा आष्ट्याकडचे जैन बागायतदार, तानाजीचं जुनं आणि मोठं गिऱ्हाईक. सोबतच्या मंडळींबरोबर शिखरजीच्या यात्रेला निघाले होते. "येईस्तवर गाडी हितंच ऱ्हाऊ दे, आन त्या काचा तेवढ्या बघ," असं सांगून गेले. गाडी रानातच उभी असायची आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार तिच्यावर उडून वाळायचे. सगळ्या काचा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या. फडक्यानं पुसून निघतील असले ते डाग नव्हतेच. त्यासाठी लागणारी पावडर संपली होती, म्हणून तानाजी दुसऱ्या दिवशी ती आणायला साताऱ्याला गेला.

हरणाबाईनं गाडीला एक फेरी मारली. काचेवर बोट फिरवलं आणि तिला हसू आलं. पाण्याच्या हंड्यालाही अस्साच क्षार धरतो. यासाठी मेलं साताऱ्याला कशाला जायला पाहिजे? सोनिया बाजारात गेलेली, अडवायला कुणी नव्हतं. हरणाबाईनं चिंच भिजत घातली, अंघोळीच्या बंबातली राख चिमटीनं नव्हे तर ओंजळीनं घेतली, नारळाची शेंडी शोधली आणि डाव्या बाजूच्या पुढच्या दारापाशी पाट टाकून बसली. किती दिवसांनी हाताला काम मिळालं होतं! तिनं मनापासून, जीव लावून, खालवर चांगली रगडून काच घासली.

डाग गेले हो. चिंचेनं आपलं काम चोख केलं. पण बंबातली राख ती, तिच्यात बारीक रेती होती. पाणी मारून काच वाळली, ऊन पडलं, आणि पोरांनी पाटीवर रेघोट्या ओढाव्यात तशी सगळी काच चऱ्यांनी भरलेली दिसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढंच बरं, की बाकीच्या काचांना हात लावायच्या आत तिच्या ते ध्यानात आलं.

तानाजी परतला, काच बघून मटकन खाली बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई, काय केलंस गं ह्ये," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. हरणाबाई पत्र्याच्या आडोशापलीकडं वाळलेली फडकी गोळा करत होती. तानाजीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"अण्णा, जरा घोटाळा झालाय. एका काचंवर चरं पडल्यात... न्हाई, मी न्हवतो. कामाला एक बाई ठेवली हुती, तिनं घाण केली. अडाणी वो. तवाच काढून टाकली तिला."

हरणाबाईला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अडाणी म्हटल्याचं तिला काही नव्हतं, शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतंच. लागलं ते 'एक बाई'. आता अण्णा आले की आपण मागच्या खोलीत लपून बसायचं, आणि पुढंही ते येतील तेव्हा तेव्हा लपायचं, हे तिला कळून चुकलं. पोराच्या दारात आई म्हणून उभं राहायची सोय त्या एका वाक्यानं गेली होती. आणि भांडायला तोंड कुठं होतं? काच तिनंच बिघडवली होती. ती फडक्यांच्या घड्या घालत राहिली.

सकाळी तिनं विचारलं, "चरं निघत्यात का रं?"

"वरवरचं निघत्यात. पर ह्ये लय हायत. दुसरी काच मागवाय लागंल."

"मला दाव. मी काडते."

तानाजी नको म्हणाला. मग इतर गाड्यांच्या गर्दीत त्याला ते काम झेपेना, तेव्हा चिडून का होईना, पण दाखवलं. चऱ्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर चरा खोल, तो सोडून द्यायचा. नाहीतर तिथली काच झिजून पलीकडचं वेडंवाकडं दिसतं. चरे जिथं आहेत तिथं काचेच्या आतल्या बाजूनं पेनानं खुणा करून ठेवायच्या. साताऱ्याहून आणलेली बदामी रंगाची पावडर ताकासारखी पातळ कालवायची, लोकरीच्या चकतीवर घेऊन घासायची, वाळू द्यायची नाही आणि काच तापू द्यायची नाही. चकती घासायच्या मशिनलाही लावता येई, पण मशिन तिच्या हाती द्यायची त्याची छाती नव्हती. हरणाबाईनं चकती चिमटीत धरून चोळून बघितली.

"मेंढराचीच लोकर की," ती म्हणाली आणि कामाला लागली.

हे काही पी हळद अन् हो गोरी असलं काम नव्हे. सकाळभर घासावं, पुसावं, उन्हाकडं तोंड करून बघावं, तर चरे जिथल्या तिथं. पहिल्या दिवशी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी काच आणखी धुरकट वाटायला लागली आणि तिला रडू आलं. सोनियानं शेजारी पाट टाकला. पाणी घालायचं काम सुनेनं घेतलं, घासायचं सासूनं. 'आत्या, बसा' हे मात्र त्या दिवसापासून बंद झालं. खांदे भरून यायचे, रात्री तेल चोळून घ्यावं लागायचं. पण हळूहळू काचेच्या एका कोपऱ्यातून पलीकडची उसाची ट्रॉली स्वच्छ दिसली, मग हायवे दिसला, मग सगळंच. तळाशी एक खोल चरा राहिला. तो तिनं नखानं पारखून सोडून दिला.

तानाजी येताजाता बघत होता. एकदा तो तिच्यामागं बराच वेळ थांबला, काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण एक गाडी आत आली आणि तो पाइप घेऊन तिकडं गेला. बाकीच्या काचांवरचे डाग त्यानं स्वतः काढले.

अण्णा आले ते एका दुपारी, कपाळाला गंध, हातात प्रसादाची पिशवी. हरणाबाई शेवटचा हात फिरवत होती. लपायला वेळच मिळाला नाही.

अण्णा वाकून काच बघायला लागले. खालून बघितली, तिरकी बघितली.

"चरं कुठायत रं?"

"तळाला एक ऱ्हायलाय, अण्णा. बाकीचं काढलं."

"कुणी?"

तानाजीनं घसा साफ केला. आईकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले. ते हरणाबाईला बघवेना. पोर चुकलेलं असलं तरी पोरच.

"मी काढलं," ती म्हणाली. "मी नवी बाई हाय. आदली ग्येली न्हवं का, तिच्या जागंवर आले."

"ब्येस!" अण्णा खूश झाले. "तानाजी, हिला सोडू नगंस गड्या. असा हात मिळत न्हाई." त्यांनी पिशवीतून प्रसाद काढून तिच्या ओल्या हातावर ठेवला. "गाव कंचं, बाई?"

"जतकडचं."

"एवढ्या लांबनं आलाय? आन मुलंबाळं काय?"

स्वतःला बाई म्हणवणं हरणाबाईला जमलं होतं. पण 'कुणी न्हाई' असं म्हणायला जीभ वळेना, आणि 'हाय' म्हटलं तर कोण ते सांगताना पोर खोटं पडणार. प्रसाद मुठीत धरून ती नुसती उभी राहिली. अण्णा उत्तराची वाट बघत होते.

"एक हाय," तानाजी म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडं वळून बघितलं.

"मीच त्यो, अण्णा. आई हाय ती माझी. जलमभर मेंढरांमागं फिरून तिनं मला वाढवलं. काच बिघडवली ती बी हिनंच आन निस्तरली ती बी हिनंच. दुसरी कुनी बाईच न्हवती. मी तुमास्नी खोटं बोललो."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली, हरणाबाईला दोन्ही हात जोडले आणि तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर शांतपणे बसले.

हरणाबाईचे डोळे भरून वाहत होते. ते तिनं पदरानं पुसले आणि लेकाकडं बघून खेकसली, "आरं, मग हुबा काय ऱ्हायलास? पावनं लांबनं आल्यात. जा, च्या घेऊन ये!"

आणि मालक चहा आणायला पळाला.