खालच्या आकड्याला हात लावायचा नाही

असंतुलित रासायनिक समीकरण दिसलं की ज्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही, अशा बाई अख्ख्या पुण्यात एकच असतील, आणि त्या शनिवार पेठेत आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. एकदा मी त्यांना घेऊन बुधवार पेठेत दहावीचं गाइड घ्यायला गेले. बाईंनी गाइड उघडलं आणि एका समीकरणात उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी सापडला. झालं! पर्समधून पेन्सिल काढून त्या गठ्ठ्यातली एकेक प्रत दुरुस्त करायला लागल्या. दुकानदार म्हणाला, "अहो बाई, घ्यायचंय, की नुसतंच लिहायचंय?" मान वर न करता बाई म्हणाल्या, "चूक विकत घ्यायची पद्धत नाही आमच्याकडे." दहाव्या प्रतीला त्याने स्टूल दिलं आणि शेवटच्या प्रतीला चहा.

गाइड माझ्यासाठीच होतं. मी चव्वेचाळीस वर्षांची, एका शाळेत शिपाई. शाळकरी मुलगी असताना दहावीला विज्ञानात माझी दांडी गुल झाली होती. आता आमच्या प्रयोगशाळेत परिचराची जागा निघणार होती आणि तिला दहावी पास लागत होतं, म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बाहेरून बसले होते. "या वयात?" असं सगळ्यांनी विचारलं. बाईंनी विचारलं, "ताट आहे का मोठं?"

नव्हतं, मग त्यांनीच आपलं काढलं. मधोमध खडूची रेघ. राजमा म्हणजे लोखंड, हरभरा म्हणजे ऑक्सिजन, साबुदाणा म्हणजे हायड्रोजन. दोन्हीकडे दाणे सारखे झाल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्याच दिवशी मी ऑक्सिजन पुरा पडेना म्हणून पाण्याच्या ढिगात, म्हणजे दोन साबुदाणे नि एका हरभऱ्यात, हळूच आणखी एक हरभरा सरकवला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आता पी. हे पाणी नाही राहिलं, जखम धुवायचं औषध झालं. सूत्रातल्या खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. ऑक्सिजन कमी पडतोय ना? मग आणखी एक पाणी घे!"

परीक्षेत नेमका लोखंड आणि वाफेचा प्रश्न आला.  शेवटच्या पानावर मी ताटाचं चित्र काढलं, मधे रेघ मारली आणि मोजत सुटले. तीन लोखंड, चार पाणी! दोन्ही बाजू बरोब्बर जुळल्या आणि मला भर वर्गात ओरडावंसं वाटलं.

निकालाच्या दिवशी मी जिने धावत चढले. "बाई, पास! विज्ञानात अठ्ठावन्न!"

"बेचाळीस कुठे गेले?" एवढं विचारून त्या आत गेल्या. बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग त्यांनी माझं सगळं लोखंड आणि ऑक्सिजन भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी इमारतीत घरोघरी उसळ गेली, सोबत हायड्रोजनची खिचडी.

जागा मला मिळाली. बाई मात्र लेकीकडे नागपूरला गेल्या. जाताना ताट मला दिलं. फार आठवण आली की मी त्यात रेघ ओढून बसते. एका बाजूला त्यांनी मला दिलेलं, दुसऱ्या बाजूला मी त्यांना दिलेलं. माझी बाजू काही केल्या भरत नाही. काल फोनवर त्यांना हे सांगितलं.

 मग बाई म्हणाल्या, "पुन्हा मोज."