आंबे नसलेली आढी

ज्या वानरांना आम्ही वर्षभर फटाके वाजवून कलमांवरून हाकलतो, त्यांना बघायला आम्ही तिकीट काढून गेलो. सिनेमा कार्टूनचा होता, आंब्याच्या बागेत राहणाऱ्या एका वानर-कुटुंबाचा. त्याचे संवाद माझ्या धाकट्या बहिणीने लिहिले होते. मुंबईत ती हेच काम करते. पोस्टरवर तिचं नाव मुंगीएवढं होतं, पण मी ते आळीतल्या प्रत्येकीला फोनवर मोठं करून दाखवलं होतं.

"मुलांचा आहे, पण मोठ्यांनाही हसू येईल असं त्यात बरंच घातलंय, ताई," ती म्हणाली होती. "भाऊजींना घेऊन नक्की जा."

तर भाऊजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याला घेऊन मी गेले. हे मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. सिनेमाला यायचं म्हणून त्या दिवशी धक्क्यावरचं काम दुपारीच आटोपलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. शेजारच्या दोन लहान मुलीही बरोबर घेतल्या. तीनचा खेळ होता आणि रविवार असल्यामुळे थिएटर भरलं होतं.

आता सात वर्षं मागे जायला हवं. तेव्हा माझी पिशवी काढली. एप्रिलात दवाखान्यातून घरी आले ती निराळीच होऊन. जखम भरली, पण कुणी जवळ आलं की अंग आकसायचं. ह्यांचा हात नुसता खांद्यावर पडला तरी मी दचकायचे. हे बोलायचं कसं? आमच्या पिढीत नवरा-बायको मीठ कमी झालं यावर तासभर बोलतील, पण असल्या गोष्टीवर अवाक्षर नाही. मग मी आंब्यांना पुढे केलं.

आमच्या परसात हापूसची अकरा कलमं आहेत. उतरवलेले आंबे पिकायला भाताच्या पेंढ्यात थर लावून ठेवायचे, ती आढी. आमची आढी दरवर्षी माळ्यावर असायची. त्या वर्षी मी म्हटलं, "माळ्यावर उंदीर झालेत, आतल्या खोलीत घाला." उंदीर एकही नव्हता. ह्यांनी मोठा पलंग सोडवून बाहेर काढला, खोलीभर पेंढा पसरला, कोपऱ्यात माझ्यापुरती खाट ठेवली आणि स्वतःची वळकटी पडवीत नेली.

जूनमध्ये आंबे संपले. पाऊस लागायच्या आत पेंढा काढायचाच असतो, नाहीतर किडे होतात. एका सकाळी ह्यांनी सगळा पेंढा गोळा करून बाहेर टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता पलंग आत येणार. पण दुपारी हे कुठूनसा नवा, कोरडा पेंढा घेऊन आले आणि रिकाम्या खोलीत नीट पसरायला लागले. कडा दाबल्या, वर गोणपाट घातलं.

"असू दे," भिंतीकडे बघत म्हणाले. "एखाद वेळेस उशिराचे आंबे येतील."

पावसाळ्यात हापूस! रत्नागिरीत शेंबडं पोरसुद्धा यावर विश्वास ठेवणार नाही. पण हे दर दोन महिन्यांनी पेंढा बदलत राहिले, मला किडा चावू नये म्हणून. माझं खोटं ह्यांनी आपल्या हातांनी सात वर्षं सांभाळलं. लग्नात घातलेल्या मंगळसूत्रापेक्षा मला त्या पेंढ्याचं मोल जास्त वाटत आलंय. हसायचं तर हसा.

हे मी एकाच माणसाला सांगितलं, बहिणीला. दोन वर्षांपूर्वी, फोनवर, भांडी घासता घासता. एकदा बोलायला लागले आणि मग थांबताच येईना. "माझं दुकान बंद झालंय गो," मी रडत म्हटलं होतं. "आत काही उरलंच नाही, त्यांना आत घेऊन दाखवू काय?" तीही पलीकडे रडली. म्हणाली, "ताई, हे माझ्या पोटात राहील." जिला मी कडेवर घेऊन मांडवीच्या समुद्रावर फिरवलं तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर?

मध्यंतरानंतर पडद्यावर एक लठ्ठ वानर ढोलीत पेंढा पसरायला लागला. वरून धो धो पाऊस पडत होता. शेजारचा वानर डोकावून विचारतो, "आंबे कुठायत रे?" हा कडा दाबत म्हणतो, "येतील, येतील. दिवाळीपर्यंत येतील!"

थिएटर हशाने फुटलं. पुढच्या रांगेतला एक माणूस मांडीवर थापा मारत होता. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मनात म्हटलं, एवढंच असू दे देवा, याच्यापुढे नको. तेवढ्यात त्याची वानरीण पदर सावरत मैत्रिणीच्या कानाशी लागली, "दुकान बंद झालंय गो. आता त्यांना आत घेऊन दाखवू काय?"

एवढं हसणं मी त्या थिएटरात कधी ऐकलं नव्हतं. बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"काकी, मोठी माणसं का हसली?" धाकट्या मुलीने विचारलं.

"ती वानरीण तोंड वेडावते ना, म्हणून," मी म्हटलं.

ह्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. शेजारच्या खुर्चीवर हे बसले होते, हसत नव्हते, एवढंच डोळ्यांच्या कडेतून दिसलं. रिक्षात मुली वानराची नक्कल करत होत्या आणि हे त्यांना उघड्या बाजूने धरून बसले होते.

घरी पोचते तोच बहिणीचा फोन. "कसा वाटला? लोक हसले ना?"

"केसाने गळा कापलास," मी म्हटलं.

आधी तिला कळलंच नाही. मग म्हणाली, "ताई, मी हळवं लिहिलं होतं गो, खरंच. पण त्यांना तिथे विनोद हवा होता. आणि नाव कुठे आहे तुझं? कुणाला कळणारे?"

"ज्याला कळायला नको होतं तो माझ्या शेजारी बसला होता."

ती रडायला लागली. रड म्हटलं, तुला रडण्याचेही पैसे मिळत असतील. फार लागेल असं बोलले मी, आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून गप्प बसणारी मी नाही. मी फोन ठेवला.

हे पायरीवर बसले होते. अंगात तो इस्त्रीचा शर्ट तसाच. मी चहा नेऊन ठेवला आणि सगळा राग बहिणीवर काढायला लागले, ती कशी कृतघ्न, आपल्या घरातली गोष्ट तिने कशी चव्हाट्यावर मांडली. ह्यांनी मधेच विचारलं, "ती वानरीण दुकानाचं बोलली, ते तुझे शब्द काय गो?"

"हो," मी म्हटलं.

ह्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला सारली. मग म्हणाले, "मी समजत होतो, माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो म्हणून तुला नको वाटतो. सात वर्षं मी धक्क्यावरच साबण लावून आंघोळ करून घरी येतोय."

बहीण डोक्यातून पार निघून गेली.

"मुंबईला फोन करून सांगितलंस," हे म्हणाले. "मी तर पडवीतच होतो."