जादा ओतलेलं ऑइल

बायकोनं आन् मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटरसायकलचं ऑइल बदलणं. तिनं जुन्या ऑइलखाली घमेलं धरलं, मी नवं ओतलं. चार दिवसांनी ती झोपेतच गेली.

दहावा उरकून गाडी चालू केली तर धुराचा लोट. इंजिन गेलं असंच वाटलं. पौडच्या बाजाराला ती ह्याच गाडीवर माझ्यामागं बसायची.

गाडी फाट्यावरच्या मिस्त्रीकडं नेली. ऑइल आम्ही दोघांनीच बदललं म्हणून सांगितलं, तसा तो हसला. "ऑइल लई जादा हाय. बाईमाणसाला घेऊन असली कामं करत्यात व्हय, आजोबा?"

माझं डोकंच फिरलं. "गाडी कलती हाय, माप चुकंल, असं तीच म्हनली व्हती. मीच तिला गप बसवलं. गाढव मी हाय, तिला बोलायचं न्हाई."

गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ उभी करून जादाचं ऑइल काढलं, किक मारली आन् धूर थांबेस्तोवर तिथंच उभा राहिलो.