हलकी भिंत

रहाटणीतल्या आमच्या नव्या फ्लॅटच्या आतल्या भिंती थर्माकोलचे मणी घातलेल्या काँक्रीटच्या आहेत, हे मला कळलं ते बाबा संडासात पडले तेव्हा.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत का होईना, पण चालायला लागले होते. संडासला आपलं आपण जायचं, एवढी एकच जिद्द. म्हणून मी तिथल्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला. प्लंबरने विटांच्या भिंतीत बसवतात तसाच, भोक पाडून प्लगमध्ये स्क्रू पिळून बसवला. त्याला तरी बिचाऱ्याला कुठे माहीत! दुसऱ्याच दिवशी उठताना बाबांनी भार टाकला आणि दांडा उपटून हातात आला. मी धावत गेले तर बाबा फरशीवर, आणि सगळीकडे साबुदाणा सांडावा तसे पांढरे मणी. हाड मोडलं नाही, हेच नशीब.

बाबांना पलंगावर निजवलं आणि तशीच बिल्डरच्या ऑफिसात गेले. साइट इंजिनियर थंडपणे म्हणाला, "मॅडम, लाइटवेट भिंत आहे. बिल्डिंगवरचा भार कमी होतो, एका खोलीतली धग दुसरीत जात नाही."

"आणि माणसाने आधाराला धरली तर?"

"तशी ती वजन घ्यायला नसतेच. आरपार बोल्ट टाकून मागून प्लेट लावावी लागते."

"हे आम्हाला कधी सांगणार होतात?"

"कोणी विचारलंच नाही ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, घर घेताना कोणी विचारतं का, भिंतीला धरलं तर चालेल ना म्हणून? स्विमिंग पूलचे फोटो छापलेलं एवढं जाडजूड पुस्तक हातात दिलंत, त्यात ही एक ओळ घालायला काय धाड भरली होती? हलकी भिंत वाईट नाही हो. पण चाकणला आमच्या कंपनीत भार किती हे लिहिल्याशिवाय साधा रॅक उभा करू देत नाहीत. इथे तर माणसं राहतात! बडबडून घसा बसला माझा. त्याने पाणी मागवलं.

शेवटी मीच आरपार बोल्ट टाकून घेतले, दोन्ही बाजूंनी लोखंडी प्लेटा लावल्या. बाबांना दारात उभं केलं आणि दांड्याला स्वतः लोंबकळून दाखवलं.

"बघा बाबा, हलतसुद्धा नाही."

बाबांनी बघितलं. मग माझा खांदा धरून माघारी वळले, पलंगावर बसले आणि म्हणाले, "बेडपॅन इथेच आणून देत जा, बाळा."