कूलरचं तोंड कुणीकडं?

स्टाफरूममध्ये किस्से कुणी जमवत बसत नाही, ते आपोआप साठतात. कूलरच्या टाकीत गाळ साठतो ना, तसे! आणि टाकी धुवायला काढावी, तर निम्मा गाळ आपलाच निघतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. दोन महायुद्धांच्या मधला काळ हा माझा हातखंडा विषय. चांगली निवडून दिलेली माणसं हुकूमशहा कशी होतात, हे मी इतकं रंगवून सांगतो की पोरं मोबाइल खाली ठेवतात. एवढा अभ्यास असून माझं जे झालं, ते आता सांगतो.

*

बी.ए.च्या वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हुकूमशहांचा उदय'. दौलताबादची प्रतीक्षा पहिल्या बाकावर बसते. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, त्या दिवशी मात्र हात वर!

"सर, ह्यांचा उरूस कधी असतो?"

"कुणाचा?"

"हुकूमशहांचा. आमच्या घरचे सगळ्या उरसांना जातात सर. पण ह्या बाबांचं नाव कधी ऐकलं नाय."

तिचं तरी काय चुकलं? आपल्या भागात जाल तिथं कुठल्या ना कुठल्या शहांचा दर्गा आहेच, आणि दर्गा म्हटला की पुण्यतिथीचा उरूस आलाच. वर्ग हसला, मीही हसलो, आणि तास संपल्यावर धावतच जाऊन काझी सरांना सांगितलं.

काझी सर आमचे उर्दूचे प्राध्यापक. राहणार शहागंज. माझ्या शेजारची खुर्ची त्यांची, कैक वर्षांपासून. चारचौघांत मला 'सर' म्हणतात आणि दोघंच असलो की 'यार'. तेव्हा दोघंच होतो. ते इतके हसले की बशीतला चहा शर्टावर!

"उदय कायको पढाते यार? उनका उरूसच अच्छा रहता!"

*

परदेशी नावं पोरांच्या लक्षात राहत नाहीत. शेवटी वर्गानंच टोपणनावं पाडली. इटलीचा 'बाल्कनीवाला', जर्मनीचा 'मिशीवाला', रशियाचा 'पाइपवाला'. तेव्हापासून उत्तरं फटाफट यायला लागली.

फुलंब्रीहून रोज बसनं येणाऱ्या गणेशला विचारलं, "लोकांनी मिशीवाल्याला डोक्यावर का घेतलं?"

"सर, महागाई लई होती, हाताला काम नव्हतं. जो तो म्हणायचा, कुणीतरी खमक्या पाहिजे."

"शाबास. मग?"

"मग तो म्हणला, आता मीच पाहिजे!"

हे वाक्य मी पुढच्या वर्गात स्वतःचं म्हणून खपवलं. टाळ्याही घेतल्या.

*

आता कूलर. आमच्या स्टाफरूममध्ये कूलर एकच आणि बसणारे ढीगभर. मार्च सरला की कूलरच्या तोंडावरून भांडणं सुरू. सायन्सवाले तोंड दाराकडं करणार, कॉमर्सवाले खिडकीकडं. कुणी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठायचा आणि जाता जाता कूलर आपल्याकडं फिरवून यायचा. एकदा दोघांनी दोन बाजूंनी ओढला आणि टाकीतलं पाणी हजेरीपटांवर!

त्या दिवशी राज्यशास्त्राच्या शिंदे मॅडम वैतागून म्हणाल्या, "कुणातरी एकाच्या हातात द्या बाई हा कूलर. तात्पुरता."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. का, तर म्हणे इतिहासवाला कुणाच्या अध्यात नाही ना मध्यात! सगळे हात वर झाले. सगळ्यात आधी काझी सरांचा.

मी छाती काढून उभा राहिलो. "फक्त पाऊस पडेपर्यंत हं!"

आपल्याकडच्या पावसावर भिस्त ठेवून सत्ता घेणारा मीच पहिला असेन. त्याच सकाळी वर्गात मी तात्पुरत्या अधिकारांचा धोका समजावून आलो होतो. पण तो जर्मनीतला होता हो!

*

पहिल्यांदा मी कूलरचा स्टँड खिडकीच्या गजाला दोरीनं बांधला. मग वेळा ठरवल्या. मग लक्षात आलं की बटणाची चकती ओढली की निघून येते. ती मी शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. चकती नाही तर हवा नाही! तास घेताना मधूनच खिसा चाचपायचो. लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस घरी बायको चकती हातात घेऊन समोर उभी.

"अहो, हे काय निघालं खिशातून?"

"अधिकार आहे तो," मी म्हणालो.

"मशीनमध्ये धुऊन निघालाय. वाळत घातलेला होता, घ्या."

*

काझी सरांची खुर्ची माझ्या शेजारी, पण भिंतीच्या कोपऱ्यात. माझ्यापर्यंत हवा यायची, त्यांच्यापर्यंत नाही. ती माझ्यापर्यंत का यायची, हे विचारू नका. व्यवस्था बघणाऱ्याचं डोकं शांत राहायला पाहिजे, असा नियम होता. नियम मीच केला होता.

एका दुपारी ते रुमालानं मान पुसत म्हणाले, "यार, जरा इधर भी मोड़ दो ना."

आणि मी, त्यांच्याच डब्यातला शामी कबाब खाता खाता, म्हणालो, "काझी सर, नियम म्हणजे नियम."

त्यांनी डबा स्वतःकडं ओढला. मग डब्याचं झाकण लावलं. "ठीक है, सर."

आम्ही दोघंच होतो, तरी 'सर'! दुसऱ्या दिवसापासून ते लायब्ररीत बसायला लागले. कूलरची सगळी हवा मला आणि शेजारी रिकामी खुर्ची. गार वाटायचं, पण करमत नव्हतं. चहा आला की बशी पुढं करायला हात जायचा आणि पुढं कुणीच नसायचं.

*

धडा संपत आला. प्रतीक्षाचा हात पुन्हा वर.

"सर, ही माणसं खुर्ची स्वतःहून सोडत नाहीत का कधी?"

"क्वचितच," मी म्हणालो आणि खिशातली चकती टोचायला लागली. ठरवलं, आपण सोडायची! तास अर्धवट टाकून निघालो. जिन्यात छोटंसं भाषणही जुळवलं, 'मित्रहो, सत्ता ही सेवा असते' वगैरे.

स्टाफरूमचं दार ढकललं. कूलर भन्नाट चालू! दोरी सुटलेली, हवा चौफेर आणि शिंदे मॅडमच्या हातात पक्कड. चकती नसली तर आतली दांडी पकडीनं फिरते, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. मला सोडून.

मी म्हणालो, "हे कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमचा तास असला की इथं लोकशाही असते, सर."

भाषण राहिलं. चकती टेबलावर ठेवली, कूलर काझी सरांच्या कोपऱ्याकडं वळवला आणि लायब्ररीत गेलो. काझी सर पंख्याखाली वाचत बसले होते.

"चला ना यार, चहा आलाय. कूलर तुमच्याकडं केलाय."

त्यांनी पान उलटलं. "पाऊस पडने दो, सर."

त्यांच्याच कोपऱ्यात हवा न पोचू देणाऱ्यानं कुठल्या तोंडानं आग्रह करायचा? परत आलो. सुट्ट्या लागल्या, तरी त्यांचा फोन नाही. मी लावायला घ्यायचो आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून ठेवून द्यायचो. एवढा मोठा वक्ता मी!

*

जूनमध्ये पाऊस पडला, चक्क वेळेवर. कॉलेज उघडलं. मी लवकर जाऊन कूलरची टाकी धुतली, कोरडी केली आणि तो पलीकडच्या कोपऱ्यात ढकलून घरून आणलेली जुनी फुलाफुलांची चादर त्याच्यावर टाकली. मग शेजारची खुर्ची पुसली. उगाचच, दोनदा.

दार वाजलं. काझी सर! हातात शहागंजातून आणलेला गुलाबाच्या फुलांचा पुडा आणि रेवड्यांची पिशवी. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ कूलरपाशी गेले, चादरीकडं बघत मान हलवली.

"चादर तो आपने चढ़ाच दी."

मग पुडा सोडला, मूठभर पाकळ्या कूलरवर वाहिल्या, आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि रेवडी माझ्या तळहातावर ठेवली.

"लो, मुँह मीठा करो यार. आज हुकूमशहा का उरूस है!"