पांढरीतल्या सांगाड्याचा कबुलीजबाब

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या सांगाड्याचं प्रकरण मी विसरलेलो नाही.

तेव्हा मी गोदाकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. गावाबाहेर पांढर होती, म्हणजे जुनी वस्ती मोडून झालेलं पांढऱ्या मातीचं टेकाड. शेतात टाकायला तिथली माती उकरताना जेसीबीला माणसाची हाडं लागली होती.

मी खड्ड्यात उतरलो. सांगाडा उताणा होता आणि घोट्यापासून खाली दोन्ही पाय नव्हते. तोडलेलेच दिसत होते. पंचनामा केला, ताडपत्री टाकून बंदोबस्त लावला आणि पायांबद्दल कुठे बोलू नका, अशी पंचांना ताकीद दिली.

दुपारी एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा तीन वर्षांपासून बेपत्ता होता. बांधावरून थोरल्या भावाशी भांडण झालं, त्याच दिवसापासून. "माज्या दीरानंच गाडलंय त्याला, साहेब," ती म्हणाली. तिच्या माहेरचे पंधरा-वीस जण फाटकाशी उभे होते. 'आरोपी आमच्या हवाली करा' म्हणून ओरडत होते.

थोरल्याला बोलावलं. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. मग एकदम म्हणाला, "मीच मारलं, साहेब. कुदळीचा दांडा डोक्यात घातला. तो पडला, मी पळालो."

माझ्या जमादाराचा चेहरा खुलला. खुनाचा छडा एका दिवसात लागला होता. बाहेर आरडाओरडा वाढत होता, अटक दाखवली असती तर जमावही शांत झाला असता.

मी विचारलं, "पाय कशानं तोडले?"

त्याने मान वर केली. "पाय? कुणाचे पाय?"

"पुरलं कुठं?"

"पुरलं न्हाई. दिवस मावळता बघाया गेलो तं तो जागेवर नव्हता. कुणी नेला, ठाव न्हाई. लय भ्यालो. कुणाला बोललो न्हाई."

खोटं बोलणारा माणूस असा गोंधळत नाही. जमावाला मी तपास चालू असल्याचं सांगितलं, जादा कुमक मागवली आणि कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना खड्ड्यावर नेलं. त्यांनी कडेच्या मातीवरून बोट फिरवलं. सांगाड्याच्या वर चोपलेली जमीन होती, तिच्यावर चुलीची राख, आणि जेसीबीच्या आधी ती जमीन कुणी फोडलेली नव्हती.

"साहेब, याला पुरल्यावर वर घर नांदलंय. निदान तीन हजार वर्षं झाली असतील. त्या काळी काही लोक मेलेल्याचे पाय तोडून त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. का, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही."

पुढे पुरातत्त्व खात्यानेही तेच कळवलं.

म्हणजे धाकटा जिवंतही असू शकत होता. मी त्याचा शोध सुरू केला. ऊसतोडीच्या मुकादमांकडे फोटो फिरवला. तिसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळावर सापडला. भांडणाच्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तसाच चालत निघून गेला होता. ठाण्यात बायकोने त्याच्याकडे पाठ फिरवली. थोरला मात्र पुढे झाला आणि त्याने धाकट्याच्या डोक्यावरची खूण चाचपली. धाकटा म्हणाला, "दादा, तू बोलवायला येशील म्हून वाट बघत होतो."

त्या दिवसापर्यंत आरोपी खरं बोलला की तपास संपला, असं मी मानत होतो. थोरला एक अक्षरही खोटं बोलला नव्हता, आणि तरीही त्याने खून केलेला नव्हता. पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी 'मीच केलं' म्हणालं, की मी पेन खाली ठेवायचो आणि पहिल्यापासून विचारायला लागायचो.