पहाटे पाचची तारीख

रीना रामटेकेनं एकदा मनावर घेतलं की घेतलं. सेक्टर सहामधले शेजारी म्हणतात, बाई वीतभर आणि हट्ट हातभर. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते आणि संशोधन करते अंड्यातल्या पिल्लावर. कोंबडीनं अंडं उबवायला घेतल्यापासून एकवीस दिवसांनी पिल्लू चोच मारून बाहेर येतं. त्या मधल्या दिवसांत आत काय घडतं आणि नेमकं कधी घडतं, हे बघण्यात तिची निम्मी हयात गेली. कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचा पहिला ठोका शोधायचा. "मॅडम, आमलेट कधी?" असं लोक विचारायचे. विचारू देत. तो लाल ठिपका धडधडताना दाखवला, की तेच लोक तोंडात बोट घालायचे.

चार वर्षांपूर्वी तिचा शोधनिबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला. पोल्ट्रीच्या अंड्यात पहिला ठोका दीड दिवसाच्या आसपास दिसतो. आपल्याकडच्या गावठी अंड्यात मात्र अडीच दिवसांनी, असं तिनं दाखवलं होतं. केवढं कौतुक झालं! एका हिंदी वर्तमानपत्रानं तिच्याकडून त्यावर लेख मागून घेतला. तो इतका गाजला की रविवारच्या पानावर तिचं विज्ञानाचं सदरच सुरू झालं. बाजारात भाजीवाली विचारायची, "ओ दीदी, देसी मुर्गी का दिल लेट क्यों धड़कता है?" आता कॉलेजात बढतीची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती, आणि अर्जात सगळ्यात वर होता तोच निबंध.

आणि नेमकी तेव्हाच तिची विद्यार्थिनी ऐश्वर्या दारात येऊन उभी राहिली. तिला तोच प्रयोग पुन्हा करायला दिला होता.

"मॅडम, गावठीचा ठोका पण दीड दिवसातच येऊन राहिला. तीनदा केलं मी."

रीनानं आधी तिलाच झापलं. मग रात्रभर स्वतःवर चिडली, आणि दुसऱ्या दिवशी चोवीस अंडी स्वतःच्या हातानं ठेवली. छत्तीस तासांनी खिडक्या पाडल्या. धडधड, धडधड. पोरगी खरं बोलत होती.

मग चार वर्षांपूर्वी वेगळं काय झालं होतं? तेव्हा कॉलेजातलं उबवणी यंत्र पोल्ट्रीच्या अंड्यांनी भरलं होतं. म्हणून गावठी अंडी जुनवानीला बाबांच्या घरी दुसऱ्या यंत्रात ठेवली होती. बाबा म्हणजे प्रेमानंद, पोलादाच्या प्लांटच्या भट्टीवरून रिटायर झालेले. जन्मभराची सवय, चारला डोळे उघडतात. महिनाभर रोज पहाटे पाचला त्यांनी एक नवा ट्रे ठेवला आणि त्यावर वार-वेळेची चिठ्ठी चिकटवली. रीनानं फोन करायचा, "बाबा, सोमवारचा ट्रे आणा," की बाबा गोधडीत गुंडाळलेला डबा स्कूटरवर पुढं ठेवून कॉलेजात हजर. चिठ्ठ्या तिच्या वहीत अजून चिकटवलेल्या होत्या. ती वही घेऊन ती तडक जुनवानीला गेली.

"बाबा, मंगळवारी पहाटे पाचले ट्रे ठेवला, तं चिठ्ठीवर वार कोणता लिहे तुमी?"

"सोमवार," बाबा म्हणाले. "अजून काय लिहू?"

"अवो, मंगळवार लागला होता ना!"

"कसा लागन? सहाले पयली शिफ्ट येते, तवा तारीख बदलते. पाचले तं नाइट शिफ्टच चालू रायते. आमच्या खात्यात छत्तीस वर्षं असंच लॉगबुक भरलं मी."

रीना तिथंच पलंगावर बसली. घ्या! छत्तीस तासांच्या अंड्याला ती साठ तासांचं समजत होती. गावठी कोंबडी बिचारी वेळेवरच होती, एक दिवस चिठ्ठीत वाढला होता. बाबांवर तिला राग आला नाही. एका जातीची अंडी इथं, दुसरीची तिथं, तारखा कोण कशा लिहितं ते विचारायचं नाही, ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरानंही केली नसती. लाज वाटली तिला.

विभागप्रमुखांनी दार लावून समजावलं. "मुलाखत होऊ द्या. मग बघू. चार वर्षांपूर्वीचा निबंध आता कोण वाचतंय?"

"मी वाचते," रीना म्हणाली आणि उठली.

निबंध मागं घेत असल्याचं पत्र तिनं त्याच संध्याकाळी लिहिलं. कारण दिलं, 'तारखांच्या नोंदीत चूक'. पाठवण्याआधी बाबांना मराठीत वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा काढला.

"याच्यात माझं नाव कुठी हाये?"

"तुमचं कावून टाकू, बाबा? लोक हासतीन."

"हासू दे. लॉगबुकात रबर चालत नाही, पोरी. चुकलं तं एक लाईन मारायची, खालती बरोबर लिहायचं, अन् ज्यानं चुकवलं त्यानं सही करायची. चूक कोणाची थे लपलं, तं पुढच्या शिफ्टचा माणूस भाजते."

मग पत्रात तिनं सगळं सविस्तर लिहिलं: नोंद प्रेमानंद रामटेके यांची, न तपासण्याचा दोष माझा. वर्तमानपत्राचे संपादक म्हणाले, खाली कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा देऊन टाकू. तिनं ठणकावलं, "पहिला लेख अर्धं पान होता. हाही अर्धं पान, त्याच जागी. नाहीतर सदर बंद करा." तो रविवारी छापला गेला, आणि बुधवारी मुलाखत झाली. बढती दुसऱ्याला मिळाली.

ती रडली. खोटं कशाला सांगू? उशीत तोंड खुपसून चांगली तासभर रडली. मग तोंड धुतलं, पोहे खाल्ले आणि कॉलेजात जाऊन ऐश्वर्याला म्हणाली, "चल, पहिल्यापासून सुरू करू. या वेळी गावठी न् पोल्ट्री एकाच यंत्रात."

तीन महिन्यांनी नियतकालिकातला खुलासा आला. तिनं छापून जुनवानीला नेला. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्यांनी बोट फिरवत फिरवत आपलं नाव शोधलंच.

"पाह्य वं," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं लोखंड काढलं, कुठी नाव नाही आलं. चूक केली, तं सात समुद्रापार छापलं."

रीनाला हसू आलं आणि डोळेही भरले. कागद त्यांनी घडी न घालता कपाटात ठेवला, प्लांटच्या ओळखपत्राशेजारी. मग विचारलं, "आता नवी अंडी कोण ठेवते?"

"कॉलेजात मी संध्याकाळी ठेवते, बाबा."

"अन् माहं यंत्र का रिकामं ठेवतं? लाव त्याच्यातही दोनी."

तिनं क्षणभर विचार केला. मग दुसऱ्या दिवशी दोन्ही जातींची अंडी घेऊन आली.

तेव्हापासून रोज पहाटे पाचला सेक्टर सहामध्ये तिचा फोन वाजतो. ती डोळे न उघडताच उचलते. पलीकडून बाबा काहीच प्रस्तावना करत नाहीत.

"ट्रे ठेवून राहिलो. बोल, आज वार कोणता?"